दिवा कुठाय त्याला?

कॅमेऱ्याचा ड्रोन हे अलीकडे परदेशातल्या मराठी घरांतलं नवं खेळणं झालंय. पूर्वी कुणाच्या घरी जेवायला गेलं की लग्नाचा अल्बम पुढ्यात यायचा. आता टीव्हीवर वरून घेतलेले धबधबे, फॉल कलर्स आणि स्वतःच्याच घराचं छप्पर बघावं लागतं. मी न्यू जर्सीत अठरा वर्षं राहतोय आणि तीन वर्षांपूर्वी मीही या पंथात सामील झालो. त्यामुळे आज जे लिहितोय ते दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी नाही. चूक माझ्याकडूनच झाली होती.

२०२४ च्या ऑक्टोबरची गोष्ट. माझे वडील, अण्णा, कराडहून आमच्याकडे आले होते. पेनसिल्व्हेनियातल्या एका मित्राच्या शेतावर आम्ही शनिवारी गेलो. मक्याची कापणी झालेली, पलीकडे टेकडीवर लाल-पिवळी झाडं. सूर्य नुकताच मावळला होता. फोटो काढणाऱ्यांना हीच वेळ सगळ्यात आवडते. मी ड्रोन वर पाठवला, तीनशे फुटांवर नेला आणि अण्णांना स्क्रीनवर शेत दाखवायला लागलो. त्यांनी दोन मिनिटं स्क्रीन बघितला, मग मान वर करून आभाळात शोधत राहिले.

"अरे, पण ते हाय कुठं?"

मीही वर बघितलं. दिसेना. करड्या आभाळात करड्या रंगाचा तो एवढासा जीव, आवाजसुद्धा येत नव्हता. तेवढ्यात टेकडीमागून हेलिकॉप्टरची धडधड ऐकू आली. बहुधा रुग्णाला घेऊन जाणारं असावं. ते खालूनच येत होतं. आता माझी पंचाईत बघा. हेलिकॉप्टर मला दिसतंय, पण माझा ड्रोन त्याच्या उजवीकडे आहे की डावीकडे, पुढे आहे की मागे, हे मला सांगता येत नाही. स्क्रीनवर फक्त ड्रोनसमोरची झाडं. मी काडी खाली दाबून धरली. ड्रोन उतरत होता आणि हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून निघून गेलं. दोघांत किती अंतर होतं ते मला आजही माहीत नाही. माझे हात मात्र थरथरत होते.

अण्णांनी उतरलेला ड्रोन उचलून उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "दिवा कुठाय त्याला?"

मी म्हटलं, "अण्णा, याला अंधारात बघायला दिवा लागत नाही. कॅमेरा आहे, जीपीएस आहे."

"बघायला नव्हं रं. दुसऱ्याला दिसायला."

पुढे ते काही बोलले नाहीत आणि मलाही विचारायची गरज नव्हती. माझा चुलतभाऊ एका जानेवारीत मोटारसायकलवरून रात्री घरी येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी लाल फडकीसुद्धा नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या लोकांना पुढचं सांगावं लागत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दर वर्षी अशा बातम्या येतात. ट्रॉलीवाल्याला रस्ता दिसत होता, त्याच्या ट्रॅक्टरला पुढे दिवे होते. मागून येणाऱ्याला तो दिसत नव्हता, एवढंच.

ड्रोनचंही नेमकं असंच आहे. आपल्याला सगळं दिसतं, म्हणून आपणही सगळ्यांना दिसतोय असं आपण धरून चालतो. जरा हिशोब करून बघा. छोटा ड्रोन साधारण वीतभर रुंद असतो. तो चारशे मीटरवर गेला की दोन मीटरवर धरलेल्या एक मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा दिसतो. संधिप्रकाशात तेवढाही दिसत नाही. विमानाच्या पायलटला तर तो वेगाने जाताना, खालच्या झाडांच्या आणि घरांच्या पार्श्वभूमीवर शोधायचा असतो. हेलिकॉप्टरना अमेरिकेत पाचशे फुटांच्या खालूनही उडता येतं आणि आपल्याला चारशे फुटांपर्यंत मुभा आहे. म्हणजे गाठ पडण्याची जागा ठरलेलीच आहे. वाट सोडायची जबाबदारीही प्रत्येक वेळी ड्रोनवाल्याची. पण आपलाच ड्रोन आपल्याला दिसत नसेल, तर वाट सोडणार कशी?

उपाय फार स्वस्त आहे. स्ट्रोब लाइट म्हणजे उघडझाप करणारा दिवा. अंगठ्याच्या पेराएवढा, दहा-बारा ग्रॅम वजनाचा, मोबाइलसारखा चार्ज होणारा. वेल्क्रोच्या पट्टीने चिकटतो. सतत जळणारा दिवा गावातल्या शंभर दिव्यांत आणि चांदण्यांत हरवतो, पण लुकलुकणाऱ्या दिव्याकडे नजर आपोआप वळते, अगदी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला तरी. विमानांनाही लाल-हिरव्या दिव्यांबरोबर पांढरा झगमगाट असतो तो याचसाठी.

अमेरिकेचा कायदाही हेच सांगतो. पार्ट १०७ खाली परवाना घेऊन उडवणाऱ्यांना २०२१ च्या एप्रिलपासून वेगळी परवानगी न काढता रात्री उडवता येतं. अट अशी की तीन मैलांवरून, म्हणजे जवळपास पावणेपाच किलोमीटरवरून दिसेल असा उघडझाप करणारा दिवा हवा. सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास आणि उगवण्याआधीचा अर्धा तासही यात येतो. गरज पडली तर प्रकाश कमी करता येतो, पण दिवा विझवता येत नाही. हौशी उडवणाऱ्यांना रात्रीच्या दिव्यांबाबत आपल्या मान्यताप्राप्त संघटनेचे नियम पाळावे लागतात. खोक्यावर 'तीन मैल' छापलेलं असलं तरी एफएए त्या दिव्याला प्रमाणपत्र देत नाही. तो खरंच दिसतो की नाही, हे बघणं उडवणाऱ्याचं काम.

आपल्या मंडळांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गणपतीचं किंवा ढोल-ताशाचं चित्रीकरण फुकट करून दिलं, तरी ते 'हौस' या सदरात बसत नाही. मंडळासाठी केलेलं काम म्हटलं की पार्ट १०७ चा परवाना लागतो. साठ प्रश्नांची परीक्षा असते, ७० टक्क्यांना पास. आपली मुलं याहून अवघड परीक्षा रोज देतात. आणि परवाना मिळाला तरी गर्दीच्या डोक्यावरून ड्रोन फिरवायचा नाही. माझ्याकडे अशी मागणी आली तेव्हा मी नाही म्हटलं. थोडा वाईटपणा आला, तो घेतला.

दिवा बसवताना मी केलेल्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या वाचतील. पहिला दिवा मी वर मधोमध चिकटवला. विमानाला छान दिसेल, पण खाली उभ्या असलेल्या मलाच दिसेना. शिवाय जीपीएसचा अँटेना बहुतेक ड्रोनमध्ये वरच्याच बाजूला असतो, त्याच्यावर काही चिकटवू नये. दुसरा दिवा पोटाखाली लावला, तर तो उतरताना जमीन ओळखणाऱ्या सेन्सरच्या आड आला. तिसऱ्यांदा कॅमेऱ्याच्या जवळ लावला आणि धुक्यात घेतलेल्या चित्रात दर सेकंदाला वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं. आता माझ्याकडे दोन दिवे आहेत. पांढरा वर मागच्या बाजूला, विमानांसाठी. हिरवा मागच्या हाताच्या खालच्या बाजूला, माझ्यासाठी. तो दिसला की ड्रोनचं तोंड माझ्या विरुद्ध दिशेला आहे हे लगेच कळतं. पंखे, हवेची छिद्रं आणि बॅटरीची खिटी मोकळी ठेवायची, वजन एका बाजूला जाऊ द्यायचं नाही आणि दिवा लावल्यावर पहिली दोन मिनिटं डोक्याएवढ्या उंचीवर ड्रोन नुसता थांबवून बघायचा. भर उन्हात या दिव्याचा फारसा उपयोग नाही. तिन्हीसांजेला आणि ढगाळ दिवशी मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता खरी मेख. बाजारात सगळ्यात जास्त खपणारे ड्रोन २४९ ग्रॅमचे असतात. कारण २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, निव्वळ हौस म्हणून उडवायचा असेल तर, नोंदणी लागत नाही. त्याला दहा ग्रॅमचा दिवा लावला की तो मर्यादेच्या वर जातो. मग नोंदणी आली आणि ड्रोनचा ओळखक्रमांक हवेत प्रसारित करणारी 'रिमोट आयडी' आली. काही छोट्या ड्रोनमध्ये ही सोय नसते, मग ते वेगळं मॉड्यूल विकत घ्यायचं. म्हणून बरेच जण दिवाच लावत नाहीत. सुरक्षिततेची वस्तू बसवली की कटकट वाढते आणि न बसवणारा मोकळा राहतो, ही नियमातली विसंगती आहे, आणि ती दूर व्हायला हवी असं माझं मत आहे. दिव्याचं वजन त्या मर्यादेतून वगळायला काय हरकत आहे? पण तोपर्यंत काय करायचं? नोंदणीला तीन वर्षांचे पाच डॉलर पडतात. पाच डॉलरमध्ये इथे धड दोन समोसे येत नाहीत. तेवढ्यासाठी आभाळात अदृश्य होऊन फिरायचं का?

मी हे एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "पैशाचं सोड रे. दिवे लुकलुकायला लागले की शेजारी पोलिस बोलावतील. आपण आधीच परके. कशाला नजरेत भरायचं?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्याच हिवाळ्यात आमच्या न्यू जर्सीत ड्रोनची केवढी घबराट उडाली होती. लोक रात्री अंगणात उभे राहून आभाळाकडे बोट दाखवत होते. केंद्रीय यंत्रणांकडे पाच हजारांवर माहिती आली आणि त्यांतली जेमतेम शंभरेक पुढे तपासण्यासारखी निघाली. डिसेंबरात सरकारी यंत्रणांनी सांगितलं की लोकांनी बघितलेल्यांत कायदेशीर ड्रोन होते, पोलिसांचे होते, साधी विमानं, हेलिकॉप्टरं होती, आणि चक्क चांदण्याही होत्या. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते हसले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत, रात्री ड्रोन फिरतात आणि मागून चोर येतात या धास्तीने लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते. माणूस इथून तिथून सारखाच.

पण या भीतीवर लपणं हा उतारा नाही. लोक घाबरतात ते कुणाचं काय चाललंय हे कळत नाही म्हणून. मी उडवायच्या आधी शेजारच्या आजींना सांगून येतो. अंगात फटफटीत पिवळं जाकीट घालतो. कुणी विचारलं तर स्क्रीन दाखवतो. दोन वेळा लोकांनी हटकलं आणि दोन्ही वेळा बोलणं ड्रोनच्या किमतीवर जाऊन संपलं. आपली ही पिढी परमुलखात खाली मान घालून राहायला शिकली, त्याची कारणं होती. पण आभाळ सगळ्यांचं आहे. तिथे दिसणं हे आगाऊपणाचं नाही, दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेण्याचं लक्षण आहे.

दिव्याच्या भरवशावर लांब मात्र जाऊ नका. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये स्टेटन आयलंडजवळ संध्याकाळी एक ड्रोन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला धडकला. उडवणारा अडीच मैलांवर होता आणि धडक झाल्याचं त्याला माहीतही नव्हतं. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या वणव्यात आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडलं. त्याचाही चालक अडीच किलोमीटर दूर होता आणि ड्रोन नजरेआड गेलेला. नुसत्या दिव्याने हे अपघात टळले असते असं मी म्हणणार नाही. ड्रोन आपल्या डोळ्यांसमोर हवा, दुर्बिणीतून नव्हे आणि स्क्रीनवरही नव्हे. दिवा त्यासाठी मदतीला आहे.

आणि जाता जाता, भारतात लग्नाला निघालेल्यांसाठी. ड्रोन बॅगेत घालू नका. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन भारतात आणायला बंदी आहे, विमानतळावर तो जप्त होऊ शकतो. तिकडच्या नातेवाइकांनी मात्र लग्नात, जत्रेत ड्रोनवाला बोलावला तर संध्याकाळी त्याला एकदा विचारावं, दिवा आहे का म्हणून. तसंच गावातून उसाची ट्रॉली निघताना चालकालाही विचारावं.

अण्णा परत गेले त्या दिवशी विमानतळावर सोडायला गेलो होतो. घरी येऊन रात्री ड्रोन बाहेर काढला, दिवे लावले आणि अंगणावर पन्नास फुटांवर थांबवला. व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवला, तर ते अजून विमानात. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. ते कधीच लांबलचक लिहीत नाहीत.

"दिसला."