‘वय झालं’ हे निदान नव्हे

माझ्या आत्याने सहा वर्षांत नात्यातलं एकही लग्न गाठलं नाही. तिला माणसं नकोशी झालीत, असं घरोघरी बोललं जाई. खरं कारण तिने मला एका दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन सांगितलं. शौचाला लागलं की तिला दोन मिनिटंही थांबता येत नव्हतं, आणि दोनदा साडीतच झालं होतं. एसटीने कुठे जायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून उपाशी राहायची. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “वय झालं, आता हे चालायचंच.”

हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही. आपल्या घरांत ते इतक्या सहज बोललं जातं, की ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. तो दुष्टपणाचा नाही. लोक म्हणतात, दात पडतात, नजर अधू होते, तसाच शौचावरचा ताबाही जातो. खाणं बेताचं ठेवावं, डायपर लावावा. म्हाताऱ्या माणसाला तपासणीच्या टेबलावर उघडं कशाला पाडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. यामागे माया आहे, माणसाची अब्रू राखायची इच्छाही आहे. पण या मायेने माणूस बरा होत नाही. तो घरात कोंडला जातो.

पहिला मुद्दा वयाचा. अमेरिकेत 2005-06 च्या आरोग्य सर्वेक्षणात घरी राहणाऱ्या प्रौढांना विचारलं गेलं, की गेल्या महिन्याभरात शौचावरचा ताबा एकदा तरी सुटला का? 8.3 टक्के लोकांनी हो म्हटलं, म्हणजे बारांत एकाने. स्त्रियांत हे प्रमाण 8.9 टक्के होतं आणि पुरुषांत 7.7, त्यामुळे हे केवळ बायकांचं दुखणं नाही. सत्तरीपुढे आकडा 15 टक्क्यांवर जातो. वयाचा वाटा आहे, हे मी नाकारत नाही. पण वय हेच कारण असतं, तर सत्तरी ओलांडलेल्या उरलेल्या पंच्याऐंशी जणांचा ताबा शाबूत कसा राहिला? वय जोखीम वाढवतं. कारण मात्र वेगळं शोधावं लागतं.

ते शोधायचं तर आतली रचना कळायला हवी. गुदद्वाराला स्नायूंची दोन वलयं असतात. आतलं आपल्या नकळत दिवसरात्र मिटलेलं असतं. बाहेरचं आपण ठरवून आवळतो. त्यांच्या वर ओटीपोटाच्या तळाचा एक स्नायू गोफणीसारखा मागून वेढा घालून मार्गाला बाक देतो. गुदाशय भरला की मज्जातंतू वर्दी देतात, आणि आत वारा आहे, पातळ आहे की घट्ट, हेही ओळखतात. यातलं काहीही बिघडू शकतं. अवघड बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावलेल्या, स्नायू फाटतो. तरुणपणी बाकीचे स्नायू ती उणीव भरून काढतात, आणि जखम तीस वर्षांनी बोलू लागते. भगंदर किंवा मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेत वलयाला इजा होऊ शकते. मधुमेह आणि पक्षाघात वर्दी देणारी यंत्रणाच मंद करतात. कधी स्नायू ठीक असतात, पण मेटफॉर्मिनसारख्या गोळीने किंवा न पचणाऱ्या दुधाने शौच इतकं पातळ होतं, की ते कुणालाच आवरणार नाही. या सगळ्यांचं ‘वय झालं’ असं एकच नाव ठेवलं, की प्रत्येकाचा वेगळा उपायही हातचा जातो.

दुसरा मुद्दा खाणं तोडण्याचा, आणि इथे तर आपला घरगुती तर्क साफ उलटा पडतो. पातळ गळतंय म्हणजे जुलाब, असं समजून आपण जेवण कमी करतो, जुलाब थांबवायची गोळी देतो. पण अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार न हिंडणाऱ्या वृद्धांत मूळ दुखणं अनेकदा बद्धकोष्ठाचं असतं. गुदाशयात खडा बसतो, त्याच्या दाबाने आतलं वलय सैलावतं आणि वरचं पातळ शौच खड्याच्या कडेने झिरपत राहतं. अशा माणसाला जुलाब थांबवायची गोळी दिली, तर खडा आणखी घट्ट होतो. शाळकरी मुलाच्या चड्डीला वारंवार डाग पडतात, तेव्हाही बहुतेक वेळा हेच घडत असतं, आणि त्या मुलाला आपण आळशी म्हणून मारतो.

तिसरा मुद्दा डायपरचा. डायपरने प्रवास होतो, रात्र निभते. ती सोय कुणी हिरावून घेऊ नये. माझा आक्षेप आहे तो तपासणीच्या आधीच डायपर आणून विषय मिटवण्याला.

उपाय बहुतेक साधे आहेत, आणि त्यांची सुरुवात वहीपासून होते. कधी लागलं, किती पातळ होतं, आधी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, हे दोन आठवडे लिहून ठेवावं. जेवणानंतर किंवा सकाळच्या गरम चहानंतर आतडं आपोआप हलतं. रोज त्याच वेळी, कुंथायचं नाही अशा बेताने, पायांखाली पाट घेऊन कमोडवर बसावं. शौच पातळ असेल तर इसबगोल त्याला बांधून ठेवतं. खडा नाही ना, याची खात्री मात्र आधी करावी. वारा रोखताना आवळतो तसे स्नायू पाच सेकंद आवळून सोडावेत, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, मांड्या आवळू नयेत. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये लघवीवरच्या ताब्यासाठी हे व्यायाम मांडले. इथेही ते उपयोगी पडतात, पण फरक जाणवायला दोन-तीन महिने जातात. कपडे पटकन सोडता यावेत म्हणून नाडीऐवजी इलॅस्टिक घालावं, संडासाच्या वाटेवर रात्री दिवा ठेवावा. धुतल्यावर कातडी न घासता टिपून कोरडी करावी आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावावं.

एवढ्याने भागलं नाही तर फिजिओथेरपी आहे, फाटलेला स्नायू शिवता येतो, आणि मज्जातंतूला सौम्य विद्युत-उत्तेजना देणारं उपकरणही आहे. अमेरिकेत त्याला या दुखण्यासाठी 2011 मध्ये मान्यता मिळाली. शौचात रक्त, घटतं वजन किंवा अलीकडेच बदललेली सवय दिसली तर चालढकल करू नये. ताबा अचानक जाऊन पाय लुळे पडले किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

पूर्वपक्षाची एक गोष्ट मी मान्य करतो: प्रत्येक जण पूर्ण बरा होत नाही, आणि तालुक्याच्या गावी यातलं सगळं मिळत नाही. पण आठवड्यातून चारदा होणारं महिन्यातून एकदा होऊ लागलं, तर माणूस पुन्हा उंबरठा ओलांडतो.

आत्या मधुमेहासाठी दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायची. तिथे तिची साखर पाहिली जाई, पाय पाहिले जात, डोळ्यांबद्दल विचारलं जाई. शौचाच्या ताब्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मी सोबत गेलो त्या दिवशी ती बोलली. डॉक्टरांनी गोळीचा प्रकार बदलला, बाळंतपणांची चौकशी केली आणि व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. अजूनही तिच्या पिशवीत जादा परकर असतो. पण यंदा पुतणीच्या लग्नाला ती आली, आणि पंगतीला बसून जेवली.

म्हणून आपल्या घरातल्या मोठ्यांना दार लोटून, आवाज खाली आणून, पण स्पष्ट शब्दांत विचारा, “शौचाला लागलं की थांबवता येतं ना?” उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ‘वय झालं’ म्हणू नका. दवाखान्यात सोबत जा.