काजव्यांची गर्दी आणि नळाचे पाणी

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. काजवे पाहायचे असतात, आणि सध्या बकरी ईदही त्याच सुमारास येत असल्याने सुट्टीत दोन-तीन कुटुंबे मिळून निघतात. जरूर जावे. फक्त भगिनींनो, आपली चटई कुठे अंथरली आहे ते एकदा पाहा.

उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशयाचे पाणी बरेच खाली गेलेले असते. ज्या मोकळ्या जमिनीला आपण काठ म्हणतो, जिथे तंबू ठोकतो, चूल मांडतो, गाडी उभी करतो, ती पुष्कळ ठिकाणी जलाशयाची बुडीत जमीनच असते. पाऊस सुरू झाला की महिना-दीड महिन्यात ती पाण्याखाली जाते. बाळाचे डायपर, थर्माकोलच्या ताटल्या, बिर्याणीचे उरलेले तेल, इंजिनातून गळलेले ऑइल, जे तिथे राहिले ते सगळे सोबत घेऊन. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, हे तिथला काठ पाहून खरे वाटत नाही.

हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. साठा सुमारे ११ टीएमसी. इथले पाणी प्रवरेतून निळवंड्यात येते, पुढे अकोले, संगमनेर ओलांडून प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. कालव्यांनी ते श्रीरामपूरकडेही जाते. जायकवाडीतले पाणी छत्रपती संभाजीनगर पिते, आणि त्यातही प्रवरेचा वाटा असतो. शेंडी, मुरशेत, रतनवाडी ही गावे तर जलाशयाच्या कुशीतच आहेत. पाहुणे रविवारी परततात, ती तिथेच राहतात.

घाण सगळ्यात जास्त वाहून आणतो तो पहिला जोरदार पाऊस. आठ महिन्यांची धूळ, तेल, शेण, कचरा एका झटक्यात धुतला जातो. म्हणून जुलैत भरवलेल्या सफाई मोहिमांचे मला फारसे कौतुक नाही. साफसफाई मृगाच्या आधी झाली तरच तिचा उपयोग. वनविभाग अभयारण्यात शिरताना शुल्क घेतो, ते योग्यच आहे. पण पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाड्या आणि तंबूच नकोत, असा नियम काटेकोर पाळला गेला तर निम्मे काम होईल.

शहरांचेही तेच. नगरपालिका पावसाळ्यापूर्वी नालेसफाई करते, गाळ नाल्याच्या कडेलाच ठेवते आणि पहिली सर तो पुन्हा आत ढकलते. आपल्या बहुतेक लहान शहरांत पावसाच्या पाण्याचे गटार आणि सांडपाण्याचे गटार वेगळे नाही. त्यामुळे अंगणातून गटारात गेलेले थेट नदीत जाते. कुर्बानीचे रक्त आणि आतडी नाल्यात जाऊ नयेत, यासाठी ईदच्या आठवडाभर आधी पालिकेकडे कचरागाडीची मागणी करणे मोहल्ला कमिटीला सहज जमण्यासारखे आहे. पाण्याच्या जागी, वाटेवर आणि सावलीत घाण करू नये, ही ताकीद तर आपल्याला हदीसमधून लहानपणीच मिळालेली असते.

घरात एवढे लक्षात असू द्या. जून-जुलैत नळाला गढूळ पाणी आले तर नुसते क्लोरीनचे थेंब टाकून भागत नाही, कारण गाळ असला की क्लोरीनचा जोर कमी पडतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, वरचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळा. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी यात सवलत नको.

आणि सहलीला निघताना डिकीत एक झाकणाचा डबा ठेवा, डायपरसाठी. डेग आणि भांडी जलाशयात न घासता तशीच घरी आणा. साबण लागणारच असेल, तर बादलीत पाणी घेऊन काठापासून बरेच लांब, झाडोऱ्यातल्या मातीवर ओता.