व्रताचा शब्द आणि व्रताचे तात्पर्य

आज आषाढी एकादशी. आज अनेक घरांत एक वाद हमखास होईल. मधुमेहाने ग्रासलेली वृद्ध माता ‘आज गोळी नको, अन्नही नको’ असा हट्ट धरील. कोणी अडविलेच, तर एकादशीस अन्न घेणारा पाप भक्षण करतो, हे पुराणवचन ती पुढे करील. वचन आहे, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न आहे तो त्याच्या अर्थाचा.

वाक्यार्थ कसा लावावा, याचे शास्त्र जैमिनींच्या पूर्वमीमांसेने घालून दिले आहे. कर्तव्य सांगतो तो विधी. त्या कर्तव्याकडे मन वळविण्यासाठी केलेली स्तुती वा निंदा, तो अर्थवाद. निंदेचा हेतू निंद्य वस्तूस झोडपणे हा नसून विहित कर्माची थोरवी गाणे हा असतो, असा मीमांसकांचा सिद्धांत आहे. तेव्हा अन्नाची ती निंदा व्रताच्या गौरवासाठी आहे. रुग्णास पापी ठरविण्यासाठी नव्हे.

मग विधी काय सांगतो? आमच्या पंढरीतच राहिलेल्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे इ.स. १७९० च्या सुमारास, ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला. त्यात एकादशीचा अधिकार आठ वर्षांवरील व ऐंशी वर्षांच्या आतील माणसास सांगितला आहे. अशक्तास फलाहार, दूध, हविष्यान्न यांची मोकळीक आहे. पुत्रादी प्रतिनिधीकडून व्रत करविण्याचीही सोय आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असा शास्त्रनिर्णय आहे.

कोणी म्हणेल, असे अर्थ लावीत गेल्यास व्रतच उरणार नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सवलत अशक्तास आहे, आळशास नाही. पण आपण काय केले? बटाटा, भुईमूग आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, ही तिन्ही पिके दक्षिण अमेरिकेतून आलेली. प्राचीन स्मृतिकारांना ती ठाऊकही नव्हती. तरी कंदमुळांचा अर्थ ताणून धडधाकट माणसांनी खिचडीची ताटे भरली. जिभेसाठी शब्द एवढा सैल होतो, आणि ग्रंथात स्पष्ट लिहिलेले औषध मात्र आजारी आईस वर्ज्य ठरते!

पापापासून परतून सद्गुणांसह वास करणे, ही उपवासाची शास्त्रोक्त व्याख्या आहे. ती ध्यानी घेऊन मुलांनी आज मातेस हा निर्णय वाचून दाखवावा, वेळेवर गोळी द्यावी, वैद्य सांगतील तो आहार द्यावा, आणि मग तिच्याजवळ बसून नाम घ्यावे. तिचे व्रत अभंगच राहील.