भरलेले पोट म्हणजे पोसलेले जनावर नव्हे

चंद्रपूर व गडचिरोली हे धानाचे आणि जंगलाचे जिल्हे होत. पावसाळ्यात येथील गुरे रानात चरतात. परंतु फाल्गुनानंतर रान वाळले की त्यांचा सारा भार धानाच्या तणसावर पडतो. या दिवसांत पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, पण बरगड्या मोजता याव्यात, असे बैल गावोगाव दिसतात. "तणस तर पोटभर टाकतो, मग बैल का वाळतो?" हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गव्हाणीत नसून जनावराच्या कोटीपोटात आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी कोटीपोट सर्वांत मोठे. तेथील असंख्य सूक्ष्मजंतू चारा आंबवून त्यातील सत्त्व मोकळे करतात. लांब काडीला तेथून पुढे सहसा वाट मिळत नाही. रवंथ होऊन तिचे काही मिलिमीटर इतके बारीक कण झाले, म्हणजेच ते पुढे सरकतात.

या प्रवासाचे गणित शास्त्रज्ञांनी मांडले आहे. इंग्लंडमध्ये बाल्च यांनी १९५० साली गाईंना रंगवलेला चारा घालून शेणातील रंगीत कण मोजले. १९५६ साली ब्लॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवरील अशाच प्रयोगांतून कणांच्या गतीची सूत्रे बसविली. पुढे १९७२ साली वाल्डो, स्मिथ व कॉक्स यांनी कोटीपोटात दोन वेगांची शर्यत चालते असे दाखविले: एक पचण्याचा, दुसरा निसटण्याचा. समजा, पचण्याजोग्या भागापैकी तासाला शेकडा ४ पचतो व शेकडा २ पुढे निसटतो. तर तिनांपैकी दोन हिस्से कोटीपोटात पचतील. निसटण्याचा वेगही ४ झाला, तर निम्माच पचेल.

यावरून दोन चुका ध्यानात येतात. तणस पिठासारखे दळून घातले तर ते पचण्यापूर्वीच निसटते. उलट नुसते तणस घातले तर त्यात प्रथिने शेकडा चारच्या आसपास असल्याने सूक्ष्मजंतू उपाशी राहतात, पचन मंदावते आणि काडी फुटत नाही. पोट रिकामे होत नाही, म्हणून जनावर अधिक खातही नाही. फुगलेले पोट हे तृप्तीचे नव्हे, तुंबल्याचे लक्षण होय.

तेव्हा उपाय जंतूंना पोसण्याचा हवा. तणसाचे एक-दोन इंचांचे तुकडे करावेत. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, थर तुडवून घट्ट करावेत आणि ढीग एकवीस दिवस प्लॅस्टिकच्या कापडाने हवाबंद झाकावा. घालण्यापूर्वी तणस काही तास उघड्यावर पसरावे व जनावराला हळूहळू सवय लावावी. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कदापि लागू देऊ नये. ते प्राणघातक ठरते. सहा महिन्यांखालील वासरांना हे तणस घालू नये. ज्यांना हे जमत नाही त्यांनी लाखोळी, उडीद, मूग यांचे कुटार वा थोडी जवसाची ढेप तणसाबरोबर द्यावी.

यात काम वाढते, ही तक्रार खरी आहे. परंतु बैल चिखलणीच्या ऐन हंगामात बसला, तर रोवणी लांबते व तिचे नुकसान धानातच मोजावे लागते. या भागातील कठाणी बैल काटक खरे, पण काटकपणा म्हणजे उपासाची सवय नव्हे. तसेच दुपारी जू उतरवून बैलास सावलीत रवंथ करू देणे हा आळस नसून चारा पचविण्याचेच काम आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यापुढे जनावराचे पोट पाहून समाधान मानू नये. ते निवांत रवंथ करते काय, शेणात लांब काड्या पडतात काय, हे पाहावे. दर गावी निदान एका गंजीवर प्रक्रिया करून दाखवावी. शेतकऱ्याचा विश्वास भाषणापेक्षा शेजाऱ्याच्या गोठ्यातील बैलावर लवकर बसतो.