समंत्रकाची जागा

हळद शिजवून, वाळत घालून झाल्यावर रात्री हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यात एखादी मुलगी मोबाइलवर रसायनशास्त्राचे व्याख्यान लावते, तेव्हा, ज्या मुलखातील विद्यार्थ्यांना निजामी अमलात उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि तेथेही उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दू माध्यमाशी झुंजावे लागे, त्याच मुलखात आज विद्या विनाशुल्क दाराशी आली आहे, याचा आम्हांस मनःपूर्वक आनंद होतो.

एमआयटीने आपले पाठ सर्वांस खुले करण्याचा संकल्प २००१ साली जाहीर केला. आपल्याकडे आयआयटींचा 'एनपीटेल' उपक्रम २००३ पासून आणि शासनाचे 'स्वयम्' २०१७ पासून चालू आहे. परंतु हार्वर्ड व एमआयटी यांनी 'एडएक्स'वर चालविलेल्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव नोंदविणाऱ्यांपैकी शेवटापर्यंत पोचलेले शेकडा सव्वातीनही नव्हते. हा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाच्या खाती घालणे आम्हांस अन्यायाचे वाटते. शाळेत 'संयुजा' शिकलेली मुलगी इंग्रजी व्याख्यानातील 'व्हॅलन्सी'पाशी अडते, मागे जाऊन तेच वाक्य तीनदा ऐकते आणि आपल्यालाच काही येत नाही असे समजून मोबाइल बाजूला ठेवते; तिला ठाऊक असलेल्याच गोष्टीचे हे दुसरे नाव आहे, एवढे सांगणारे माणूस त्या क्षणी तिच्याजवळ नसते. पुढे 'स्वयम्'चे प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरणे आणि केंद्र गाठणे आलेच. ऐकणे फुकट असले तरी दाखला फुकट नाही.

नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू राम ताकवले आणि त्यांचे सहकारी यांनी स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांसोबत अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र आणि समंत्रक यांचीही योजना केली. पुस्तक कितीही सुबोध लिहिले तरी शंका विचारायला माणूस लागतो, ही त्यांची जाण आजच्या चलच्चित्र-व्याख्यानांनाही तितकीच लागू आहे. किंबहुना अधिकच, कारण पडद्यावरच्या अध्यापकास समोरचा गोंधळलेला चेहरा दिसत नाही. खेदाची गोष्ट ही की नव्या योजनांच्या अंदाजपत्रकांत चित्रीकरणाची तरतूद सढळ असते आणि समंत्रकाच्या मानधनाचा रकाना कृपण.

वाचक समंत्रकहो, विनामूल्य आणि मुक्त यांतील भेद आपण विसरू नये. एमआयटीच्या पाठांत, व्यापारी उपयोग न करण्याच्या आणि मूळ श्रेय देण्याच्या अटीवर, फेरफार करून ते पुन्हा वाटण्याची परवानगी आहे, आणि तिचा लाभ आपण फारच थोडा घेतला आहे. आम्ल आणि अल्कली यांचा पाठ लिटमसच्या कागदानेच का सुरू व्हावा? हळदीत चुना पडताच ती लाल होते, हे साखऱ्याच्या त्या मुलीने घरी कितीदा तरी पाहिलेले असते. येत्या सत्रात आपले विद्यार्थी कोणत्या शब्दापाशी, कोणत्या उदाहरणापाशी थांबले, याची टिपणे हजेरीवहीच्या शेजारी ठेवावीत आणि आमच्याकडे धाडावीत. पुढील अंकापासून त्यांसाठी चार पाने आम्ही राखून ठेवीत आहोत.