दोन दिवस चंद्रपुरास

परदेशीं राहणारीं आपलीं मुलें शनिवार-रविवार साधून स्टॉकहोम, कोपनहेगन पाहून येतात व तेथील जुन्या पेठांचीं चित्रें आपणांस पाठवितात. आपण तीं कौतुकानें पाहतों. परंतु सावलीहून मूलमार्गे कचेरी, दवाखाना व खरेदी यांसाठीं ज्या चंद्रपुरास (आपल्या तोंडीं अजून चांदाच!) आपण वर्षानुवर्षें जातों, तें मुक्काम करून किती जणांनीं पाहिलें आहे?

गोंड राजांच्या या राजधानीचा सुमारें ७ मैलांचा परकोट, त्याचे ४ दरवाजे व ५ खिडक्या अद्यापि आहेत. २०१७ पासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनीं श्रमदानानें तटावरील झाडोरा काढला, म्हणून आज त्यावरून चालतां येतें. जटपुरा दरवाजावरील गजशार्दूल मुलांस थांबून दाखवावा.

मन रमतें तें मात्र अचलेश्वरापाशीं. राजा बीरशाह याच्या मागें राणी हिराईनें त्याची भव्य समाधि येथें बांधविली. बादशहानें बेगमेसाठीं उभारलेल्या महालाचीं वर्णनें आपण शाळेंत पाठ केलीं. पत्नीनें पतीसाठीं बांधविलेली ही वास्तु परतीच्या मोटारीच्या घाईंत राहून जाते.

जावें तें मार्गशीर्षांत. वैशाखांतील चांद्याचें ऊन आपणांसही सोसवत नाहीं. रात्रीचा मुक्काम टाळूं नये, कारण तट पाहावा तो सकाळच्या कोंवळ्या उन्हांत.