पाठपोट

घर बदलताना जुन्या वस्तू उजेडात येतात. उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेल्या कोलशेतची ओळख पूर्वी रासायनिक कारखान्यांमुळे होती. आता त्या रस्त्यावर उंच निवासी इमारती उभ्या आहेत. जुन्या पेठेतील दुकानावरचे घर सोडून अशा नव्या घरात येणाऱ्या व्यापारी कुटुंबाच्या सामानात बहुधा एखादी पत्र्याची पेटी असते. तिच्यात चोपड्यांबरोबर सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा निघतो. त्यांतील दोन-चार कार्डे तरी चौकटीत बसवून दिवाणखान्यात ठेवावीत, अशी इच्छा घरातील कोणाला तरी होते आणि लगेच प्रश्न उभा राहतो: कोणती बाजू दाखवावयाची आणि कोणती भिंतीकडे करावयाची?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. पोस्टकार्डाचा जन्म १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत झाला. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून मिळू लागले. बंद पत्राला अर्धा आणा पडत असे आणि कार्डाला पाव आणा, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने एक पैसा. निम्म्या खर्चात निरोप पोहोचू लागल्यावर व्यापाऱ्याने ते आपलेसे केले, यात नवल नाही. माल पोहोचल्याची पोच, बाजारभाव, येण्याचा दिवस, सोयरिकीची विचारपूस, सारे त्या एका कार्डात मावू लागले.

चित्रकार्डांची गोष्ट याहून निराळी आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवलीस हललेल्या रविवर्मा छापखान्याच्या चित्रांची कार्डे घरोघरी गेली. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या लोकजीवनावर काढलेली चित्रकार्डे आजही संग्राहक शोधत असतात. आरंभीच्या काळात कार्डाची मागची बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून मजकूर चित्राच्याच कडेला दाटीवाटीने लिहावा लागे. ब्रिटनमध्ये १९०२ साली मागच्या बाजूचे दोन भाग करून एकात मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली आणि पुढे तोच नमुना सर्वत्र रूढ झाला. जुन्या चित्रकार्डाच्या एका बाजूस चित्र व हस्ताक्षर, तर दुसऱ्या बाजूस तिकीट, पत्ता आणि टपालाचा शिक्का, असे त्यामुळे आढळते. शिक्क्यावरून गाव व तारीख कळते. एक बाजू झाकली की अर्धी हकीकत झाकली जाते.

जैन घरांत आणखी एका प्रकारचे कार्ड सापडते, ते क्षमापनेचे. संवत्सरीनंतर किंवा दशलक्षण पर्वानंतरच्या क्षमावाणीला ‘मिच्छामि दुक्कडं’ असे छापलेली कार्डे आप्तेष्टांना आणि आडत्यांना पाठविण्याची चाल होती. छापील बाजू सर्वांना सारखीच. हाताने लिहिलेल्या दोन ओळी मात्र त्या एका माणसासाठी असत. वर्षभर अबोला धरलेल्या भावाने छापील मजकुराखाली आपल्या हाताने एक वाक्य जोडले असेल, तर घराण्याच्या दृष्टीने त्या कार्डाचे सारे मोल त्या वाक्यात आहे.

कार्डाच्या कोपऱ्यांनाही भाषा होती. मंगल कार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावीत. निधनाची वार्ता असलेल्या कार्डाचा कोपरा फाडीत, म्हणजे वाचण्यापूर्वीच समजावे. असे अशुभ पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकीत. चौकट करणारा कारागीर सवयीने कार्डाच्या चारही कडा पुठ्ठ्याच्या खिडकीखाली दडपतो. जुन्या कार्डाच्या बाबतीत त्या कडांवरच कुंकवाचे बोट उमटलेले असू शकते. म्हणून काम सांगतानाच ‘चारही कोपरे उघडे राहिले पाहिजेत’ असे स्पष्ट सांगावे.

त्यासाठी एक सोपी रचना आहे. प्रचलित पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते. पॉलिएस्टरच्या स्वच्छ पारदर्शक फिल्मचे १७ बाय १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे घेऊन त्यांच्यामध्ये कार्ड ठेवावे. दोन लगतच्या कडा चिकटपट्टीने जोडाव्यात, दोन मोकळ्या ठेवाव्यात आणि पट्टी कार्डापासून दूर राहील अशी काळजी घ्यावी. आम्लरहित माउंट बोर्डाचे २० बाय १५ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून प्रत्येकात कार्डापेक्षा जरा मोठी, म्हणजे सुमारे १४.६ बाय ९.६ सेंटिमीटरची खिडकी पाडावी. फिल्मची रिकामी किनार या दोन बोर्डांमध्ये दाबली जाते आणि कार्ड खिडकीत अधांतरी राहिल्यासारखे दिसते. दोन्ही बोर्डांच्या बाहेरून काच लावावी. बोर्डाच्या जाडीमुळे काच कार्डाला टेकत नाही. हे अंतर आवश्यक आहे, कारण पावसाळ्यात काचेच्या आतून दमटपणा धरला तर टेकलेला कागद काचेला चिकटून बसतो.

काच आणि बोर्ड प्रत्येकी २ मिलिमीटरचे धरले तर चार थरांची जाडी ८ मिलिमीटर होते. पट्टीची खाच १२-१३ मिलिमीटर खोल असावी. नेहमीच्या चौकटीस मागून प्लायवूड ठोकतात. येथे त्याऐवजी चौकटीच्याच रंगाची बारीक लाकडी पट्टी चारही बाजूंनी लहान स्क्रूंनी बसवावी, म्हणजे मागची बाजूही पुढच्यासारखीच नीटस दिसते आणि गरज पडल्यास कार्ड सुखरूप बाहेर काढता येते. काचेऐवजी ॲक्रिलिक हलके असते व फुटत नाही, परंतु त्यावर स्थिर विद्युत साचते आणि सुटी पूड ओढली जाते. कुंकू लागलेल्या किंवा पेन्सिलने लिहिलेल्या कार्डाला काचच बरी.

या रचनेत कार्डाला कोठेही डिंक अथवा सरस लागत नाही. सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून होतो, हे श्रावकाच्या घरात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अन्य कोठे चिकटविणे अटळच असेल तर पिठाची पातळ खळ चालते. पारदर्शक चिकटपट्टी थेट कार्डावर लावल्यास काही वर्षांनी तिचा पिवळा डाग कागदात उतरतो. लॅमिनेशन तर करूच नये. उष्णतेने एकजीव झालेला थर पुन्हा सोडविता येत नाही. पीव्हीसीची स्वस्त पाकिटेही कालांतराने चिकट होतात व शाई ओढून घेतात. कसर लागल्यावर औषध फवारण्यापेक्षा ती होऊच नये इतकी स्वच्छता व कोरडेपणा राखणे, हेच घरच्या जयणेला धरून आहे.

दोन्ही बाजूंनी पाहावयाची चौकट भिंतीवर सपाट टांगून उपयोग नाही. ती फडताळात लाकडी ठोकळ्यावर उभी करावी, किंवा एका बाजूस बिजागऱ्या लावून भिंतीवर अशी बसवावी की दाराच्या फळीसारखी फिरविता येईल. खिडकीत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. दोन्ही बाजू उघड्या म्हणजे दोन्ही बाजूंना उजेडाचा मारा. उजेडाने उडालेला शाईचा रंग पुन्हा येत नाही. संग्रहालये अशा कागदांसाठी सुमारे ५० लक्सचा मंद प्रकाश पुरेसा मानतात. दिवसाच्या खिडकीतील उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. खाडीकडील दमट वारा लागणारी बाहेरची भिंतही टाळावी. वर्षातून दोन-तीन महिने चौकट मांडून एरवी कपाटात ठेवणे आणि उरलेल्या काळात तिच्या जागी रंगीत प्रत लावणे, हा उत्तम मार्ग आहे.

एक विचार मात्र सुतारापाशी जाण्याआधीच व्हावयास हवा. कार्डाची लिहिलेली बाजू उघडी केली की दुसऱ्याचे शब्द पाहुण्यांपुढे येतात. ‘राहिलेली रक्कम दिवाळीपर्यंत पाठवितो, तोवर सांभाळून घ्यावे’ असे कोणा आडत्याने साठ वर्षांपूर्वी लिहिले असेल. ज्याला लिहिले त्याने सांभाळून घेतलेही असेल. पण आज त्या आडत्याचा नातू चहाला आला आणि त्याची नजर त्या ओळीवर पडली, तर आजोबांची अडचण दिवाणखान्याची शोभा झालेली पाहून त्याला काय वाटेल? पोस्टकार्ड उघडे असे खरे. टपालवाला ते वाचू शके. तरी ज्याच्या हाती ते पोहोचले, त्याच्या विवेकावर लिहिणाऱ्याचा विश्वास असे. क्षमापनेच्या कार्डावरही कधी नेमकी चूक नावानिशी कबूल केलेली असते. ज्याने क्षमा केली त्याच्या वारसांनी ती चूक भिंतीवर मांडणे क्षमेला शोभत नाही. अशी कार्डे पेटीतच राहू द्यावीत.

घरात आलेली सारी कार्डे इतरांच्या हस्ताक्षरातील असतात. आपल्या आजोबांनी लिहिलेली कार्डे सांगलीत, सोलापुरात, नाहीतर लातूरच्या एखाद्या पेढीच्या माळ्यावर पडलेली असतील. तेव्हा चौकटीत बसविण्यापूर्वी प्रत्येक कार्डाची पाठपोट प्रत काढावी, मागे लिहिणाऱ्याचे नाव, गाव व तारीख नोंदवावी आणि एक प्रत त्या लिहिणाऱ्याच्या कुटुंबाकडे पाठवावी. त्यांच्या आजोबांचे अक्षर कदाचित त्यांच्या घरात एकही उरलेले नसेल. प्रत पाठवितानाच मूळ कार्ड मांडण्यास त्यांची हरकत नाही ना, हेही विचारून घ्यावे. उत्तरादाखल एखादे वेळी त्यांच्याही पेटीतून आपल्या घरचे एखादे कार्ड परत येईल.